थोरल्या घरचा वाटा

हरवलेलं माणूस असं जगात काही नसतंच, विचारणाऱ्यानं नीट विचारलेलं नसतं एवढंच, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा चुलत सासरा निघाला. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामा ईट गावचे. उभी हयात त्यांनी पोस्टमन म्हणून सायकल मारली आणि आता ते शेती बघतात. म्हणजे शेत गडी बघतो आणि मामा बांधावर बसून रस्त्यानं जाणाऱ्यांना थांबवतात. गाव कुठलं, आजोळ कुठलं, बहीण कुठं दिली, एवढ्या तीन प्रश्नांवर त्यांचं भागतं. चौथ्या प्रश्नापर्यंत समोरचा माणूस नात्यात बसलेला असतो. एकदा त्यांना गाडीवरून कळंबला आणताना येरमाळ्याजवळ चाक बसलं. पंक्चर निघेपर्यंत मामांनी पंक्चरवाल्याची मावशी ही माझ्या सासूबाईंच्या नणंदेची जाऊ असल्याचा छडा लावला, आणि पुढच्या महिन्यात मला त्या पंक्चरवाल्याच्या पोरीच्या बारशाला जावं लागलं. नोकरीत असताना पत्त्यावर नुसतं ‘लिंबाजवळ, ईट’ असलं तरी मामा पत्र पोचवत. पत्र परत पाठवायची वेळ आली की त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागत नसे.

अशा माणसाच्या डोळ्याचं ऑपरेशन मिशनच्या दवाखान्यात करायचं मीच ठरवलं, त्यामुळे पुढच्या सगळ्याला जबाबदार मीच. डोळ्यावर पट्टी, त्यामुळे वाचायचं बंद, माणसं दिसायची बंद; राहिले कान. शेजारच्या खाटेवर एक ख्रिस्ती म्हातारबुवा होते. त्यांच्यासाठी कळंबच्या चर्चचे एक पाळक यायचे आणि धर्मशास्त्रातलं थोडं वाचून दाखवायचे. एकदा त्यांनी एका प्राचीन पत्राची सुरुवात वाचली. ते पत्र देशोदेशी पांगलेल्या बारा वंशांना लिहिलेलं होतं. मामा ताडकन उठून बसले, नर्स धावत आली. मामांना काही झालं नव्हतं. त्यांना फक्त ते पत्र पोचलं का, हे जाणून घ्यायचं होतं.

पाळक गोड माणूस. त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. एका बापाचे बारा मुलगे, त्यांचे बारा वंश. पुढं घर फुटलं, एका राज्याची दोन झाली, परचक्र आलं आणि त्यातल्या दहा वंशांना धरून दूर नेलं. ते परत आल्याचं कुणी सांगत नाही. मामांनी पट्टी बांधलेलं तोंड पाळकांच्या आवाजाकडं वळवलं.

“धा घरं गेली, आन कुणी त्यांची चवकशी केली न्हाय?”

झालं. त्या दिवसापासून ते दहा वंश मामांनी अंगावर घेतले. शोधणाऱ्यांचं चुकलं कुठं, यावर त्यांचं स्पष्ट मत होतं: लोकांनी देश धुंडाळले, जत्रा धुंडाळल्या नाहीत. माणूस कितीही पांगला तरी कुळदैवताला येतोच. या हिशेबानं ते येडेश्वरीच्या जत्रेत पायऱ्यांशी ठाण मांडून बसले आणि लांबून आल्यासारख्या दिसणाऱ्या प्रत्येकाला आजोळ विचारू लागले. एका घोंगडीवाल्याला स्वतःच्या आज्याचं गाव सांगता येईना, तेव्हा मामांचे डोळे चमकले. दुपारपर्यंत त्याच्याशी बोलून, त्याच्याकडून एक घोंगडी घेऊन ते परतले. तो माणूस परंड्याचा निघाला. मामा जराही खट्टू झाले नाहीत. परंड्याला तरी तो कुठून आला, हे अजून विचारायचं राहिलंय म्हणाले.

डोळे दाखवायला कळंबला आले की मामा माझ्याकडं उतरत आणि पाळकांना बोलावणं जाई. मला शाळेच्या वह्या तपासायच्या असत, पण ऐकत बसण्याची गोडी मलाही लागली होती, कबूल करतो. एकदा पाळकांनी पुढची हकीकत सांगितली. निरोप आधी आपल्या पांगलेल्या माणसांसाठी होता, पण ऐकायला परकेही येऊ लागले. धर्मशास्त्रात त्यांना परराष्ट्रीय म्हणतात. त्यांना एका पंगतीला बसवायचं की नाही, यावरून पुढाऱ्यांत चांगलीच जुंपली, आणि अखेर बसवायचं ठरलं. आपण सगळे त्या परराष्ट्रीयांतच मोडतो हे कळल्यावर मामा इतके खूश झाले, की परराष्ट्रीयासाठी चहा टाक म्हणून त्यांनी माझ्या बायकोला स्वयंपाकघरात हाक दिली. चहा येईपर्यंत मात्र त्यांचा चेहरा उतरला. मग त्या दहा जणांच्या जागा यांना देऊन टाकल्या की काय, असं त्यांनी विचारलं. पाळकांनी जैतुनाच्या झाडाची उपमा सांगितली. लावलेल्या झाडाच्या काही फांद्या तुटल्या आणि तिथं रानातल्या झाडाची फांदी कलम केली. मामा म्हणाले, कलम उलटं बांधलंय, गावरान खुंटावर चांगल्या झाडाची फांदी बांधत्यात. पाळक हसले. ते लिहिणाऱ्यानंही हे रीतीला सोडून आहे असंच म्हटलंय, म्हणाले. आणि तुटलेली फांदी परत जोडता येते, असंही म्हटलंय. मामांनी हातातली बशी खाली ठेवली. बशीतला चहा तसाच राहिला.

तो चहा का राहिला ते मला ठाऊक होतं. मामा शाळेत होते तेव्हाच त्यांचे सख्खे थोरले भाऊ विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावकीशी भांडले आणि बायकापोरांना घेऊन निजामाबादकडं निघून गेले. त्यानंतर ना निरोप, ना चिठ्ठी. साऱ्या पंचक्रोशीची पत्रं वाटणाऱ्या माणसाच्या पिशवीत त्याच्या स्वतःच्या भावाचं पत्र कधीच निघालं नाही. जत्रेनंतर त्यांच्या भावकीची कंदुरी असते. देवीला बकरं कापतात आणि घरटी एक असे मटणाचे वाटे पळसाच्या पानांवर घालतात. नांदती घरं पाच, वाटे सहा. सहावा थोरल्या घरचा. मामी तो शिजवून वेगळ्या ताटात वाढून ठेवते, दिवेलागणीपर्यंत कुणी हात लावत नाही, आणि मग ते ताट कुत्र्यापुढं जातं.

यंदाच्या कंदुरीला मी होतो. सुरी चालवणारे मामांचे चुलतभाऊ कळंबच्या आडतीत वावरणारे, चोख माणूस. वाटे घालता घालता ते म्हणाले, की थोरल्या घरचा वाटा आता बंद करू. जिवंत असते तर एव्हाना आले असते. त्यापेक्षा तो वाटा मामांच्या गड्याला द्या, इतकी वर्षं राबतोय, निदान माणसाच्या पोटात तरी जाईल. हा गडी नांदेडकडचा. बायकोसकट मामांच्या शेतात पाचटाची कोपी घालून राहणारा. कंदुरीला त्यांना रस्सा मिळे, पण वाटा नाही, कारण वाटा घराला असतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच वाईट होतं. वाटा बंद केला की भाऊ मेला असं सगळ्या भावकीनं मिळून ठरवल्यासारखं होणार होतं, आणि तो राखावा तर शेजारी उभ्या असलेल्या जोडप्याच्या तोंडचा घास काढल्यासारखं. मामांनी पळसाची पानं बोटानं मोजली. मला त्यांच्याकडं बघवेना.

“सात घाला,” ते म्हणाले.

“सातवा कुणाचा?”

“ह्यांचा. घर हाय त्यांचं हितं. आन थोरल्याचा हाय तिथंच ऱ्हाऊ द्या. गेल्याची जागा आल्याला द्यायची न्हाय, आल्याला येगळी करायची.”

चुलतभाऊ कुरकुरले, वाटे लहान होतील म्हणाले. झाले लहान. गड्याच्या बायकोनं सातवं पान दोन्ही हातांनी उचललं आणि ते कुठं ठेवावं हे न सुचून तशीच उभी राहिली. शेवटी मामीनं तिला आपल्या चुलीपाशी नेलं.

दिवेलागणीला थोरल्या घरचं ताट ओसरीत झाकून होतं आणि मामा त्याच्याजवळ बसले होते. गडी जेवून हात पुसत आला, आजवर अंगणात बसायचा तो ओसरीच्या कडेला टेकला. त्यानं ताटाकडं पाहिलं आणि सहज विचारलं,

“मालक, थोरलं मालक दिसायला कसं हुतं?”

जन्मभर मामा प्रश्न विचारत आले होते. हा एक प्रश्न त्यांना घरातल्या कुणी, मीसुद्धा, कधी विचारला नव्हता. ते सांगायला लागले. आवाज मोठा होता, सायकलवर पुढं बसवून शाळेत न्यायचा, रागीट, पण पोळ्याला बैल रंगवावेत तर त्यानंच. उंच होता, म्हणाले. मग थांबले. उंच होता, का म्याच लहान हुतो, असं स्वतःशीच पुटपुटले आणि आमच्याकडं बघत राहिले. यातलं खरं कोणतं ते सांगू शकेल असं तिथं कुणीच नव्हतं.