चिंगीचे डोहाळे

आमची मांजर चिंगी गाभण नव्हती. आजारी होती.

आज सकाळी गेली. टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटमध्ये, माझ्या जुन्या ओढणीवर.

दोन महिने ती माती चाटत होती. मागच्या अंगणात पाणी तापवायची चूल आहे ना, तिची. दूध ठेवलं तर नुसती हुंगायची आणि परत चुलीपाशी.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, लगेच म्हणाल्या, "डोहाळं लागल्यात गं हिला!"

मग काय, कौतुकच कौतुक. झोपून राहिली की "जड झाली बाई". माळ्यावर उडी मारेना, तरी "जड झाली". आत्या तिच्यासाठी वाटीत मऊ माती काढून ठेवायच्या.

शेजारणींनी गळ्यात हिरवी रिबन बांधली. मी फोटो टाकला, "चिंगीचं डोहाळजेवण". तुम्ही सगळ्यांनी हार्ट दिले. आठवतंय?

तो फोटो आज डिलीट केला.

मागच्या आठवड्यात गाईला इंजेक्शन द्यायला डॉक्टर आले होते. चिंगीला बघून थांबले.

"वहिनी, हिला गाभण कोण म्हणलं?"

त्यांनी तिचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक.

"रक्तच न्हाई हिच्या अंगात. पिसवांनी पार पिऊन टाकलंय. किती दिस माती खाती?"

"दोन महिने," मी म्हणाले.

आणि माझा हात माझ्याच ओठाकडे गेला.

कारण मी वर्षभर खात होते. त्याच चुलीची. पाणी शिंपडलं की वास यायचा आणि राहवायचंच नाही. कोणी नसताना एक ढेकूळ तोंडात. साक्षीदार फक्त चिंगी.

जिना चढताना धाप लागायची. म्हटलं, कामाचा थकवा.

डॉक्टर गेल्यावर आरशात माझी खालची पापणी ओढून बघितली. आतून पांढरीच. मग आत्यांना सगळं सांगून टाकलं.

त्या हळूच म्हणाल्या, "म्या बघितलं व्हतं तुला खाताना. वाटलं, तुला दिवस गेल्यात. सांगशील आपणहून, म्हणून इचारलं न्हाई."

आमच्या लग्नाला चार वर्षं झालीत.

दोघी रडलो.

दुसऱ्याच दिवशी त्या मला दवाखान्यात घेऊन गेल्या. हिमोग्लोबिन बरंच खाली आलंय. गोळ्या सुरू झाल्यात. चिंगीलाही औषध सुरू केलं होतं, पण तिला उशीर झाला. तिचा ओठ आधी कुणी वर करून बघितलाच नाही. हे माझ्या मनातून जाणार नाही.

मांजर, कुत्रं, घरातली बाई, कुणीही माती खाताना दिसलं तर हसू नका. विचारा.

शेवग्याखाली तिला पुरलं. आत्यांनी ती मातीची वाटी खड्ड्यात रिकामी केली आणि मला म्हणाल्या, "गोळी घेतली का आजची?"

घेतली.

चिंगे, माफ कर गं. आम्हाला बाळाची एवढी घाई होती की तुझं दुखणं दिसलंच नाही.

शांत झोप, बाई.