दोन बोटं राख

परवापर्यंत सकाळी उजाडलं की मी परसात ग्रिलसमोर पाट टाकून बसत असे. शेजारी पत्र्याचा डबा, हातात खुरपं आणि अंगावर राखेसाठीच ठेवलेलं जुनं पातळ. आमच्या घरी पर्यटक उतरतात. रात्री त्यांना भाजलेली सुरमई लागते, धुरी दिलेला बांगडा लागतो, आणि त्यांच्या जिभेचे चोचले पुरवून झाले की सकाळची राख माझ्या वाट्याला येई. ग्रिल मुलाने विकत आणलं. दुसरं यंत्र त्याने तेलाचं जुनं पिंप वेल्डरकडून कापून घेऊन बनवलं. त्याला तो स्मोकर म्हणतो, मी पिंपच म्हणते. शहरातली माणसं चांगले कपडे घालून त्या धुरात उभी राहतात, डोळे चोळत फोटो काढतात आणि 'वा वा' करतात. आम्ही जन्मभर धूर फुकट खाल्ला, तेव्हा कुणी एकदाही वा म्हटलं नाही.

पण राख काढायचं काम मी कुणाला देत नसे. मुलाने दोनदा बाई लावली, दोन्ही वेळा मी तिला चहा पाजून परत पाठवली. जाळी नारळाच्या सोडणाने घासायची, ओल्या नाही, सुक्या. करवंटीच्या कोळशाची राख पांढरी आणि मऊ, ती वेगळी काढायची. वाम मासळी कापताना हातातून सुळकन निसटते, तिला धरायला ती राख लागते. माशाचं तेल पडून गोळा झालेली राख माडाच्या आळ्यात टाकायची. आणि सगळी कधीच काढायची नाही. तळाला दोन बोटं राख राहिली पाहिजे. त्या दोन बोटांच्या खाली आदल्या रात्री झाकलेले एकदोन निखारे असतात. सकाळी वरची राख बाजूला केली, फुंकर घातली की ते डोळे उघडतात. त्यावरच पाहुण्यांच्या आंघोळीच्या पाण्याचं चुलाण पेटतं. घरात लायटर चार आहेत. तरी माझे हात ऐकत नाहीत.

ह्या हातांना ती खोड लागली ती लग्नानंतरच्या आठव्या दिवशी.

माझं माहेर देवरूखच्या वर, डोंगरात. शेतीवाडीचं घर. आमच्याकडे बाईची परीक्षा चुलीवरून होई. पहाटे उठून चुलीतली राख पार तळापर्यंत काढायची, गोठ्यामागच्या खताच्या खड्ड्यात, गायरीत नेऊन टाकायची, आणि शेणाच्या पोतेऱ्याने चूल सारवायची. सारवलेल्या चुलीवर आई काडी ओढी आणि नवा विस्तव करी. कालची राख आज चुलीत दिसली, तर ते आळशाचं घर. हे मी दुधाबरोबर प्यायले होते.

सासर समुद्राला लागून. सासरे, नवरा आणि शेजारच्या घरचा मुलगा, तिघेही एकाच लाँचवर. लाँच मिरकरवाडा बंदराला लागायची. मला मासळीतलं ओ का ठो कळत नव्हतं. पापलेट आणि सरंगा एकच, हे समजायलाही मला चार दिवस लागले. वाडीतल्या बायका तोंडावर पदर धरून हसत. 'डोंगरातली पोर' हेच माझं नाव पडलं होतं. सासूबाई हसत नसत, पण बोलतही नसत. त्यांची नजर माझ्या हातांवर असे. मला काहीतरी येतं, एवढं तरी त्यांना दिसावं, ह्याच एका विचाराने मी तेव्हा झोपत होते आणि उठत होते.

आठव्या दिवशी पुरुष पाण्यात होते. मी सगळ्यांच्या आधी उठले. चुलीत वीतभर राख साचलेली. मला वाटलं, वा, हीच संधी. उडू नये म्हणून राखेवर तांब्याभर पाणी मारलं. आतून चर्र असा आवाज आला, मी लक्ष दिलं नाही. सगळी राख सुपात भरली, माडाखाली ओतली, चूल सारवून लख्ख केली, वर चार बोटांची रांगोळीसुद्धा काढली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सासूबाई उठून आल्या. चुलीकडे बघत उभ्या राहिल्या. मग खाली बसून त्यांनी ओल्या शेणात बोट घातलं. काय शोधत होत्या कोण जाणे.

"अगो, तुझ्या म्हायेरी चूल होती का नव्हती?"

मी म्हटलं, "होती."

"लाँच पाण्यात हाय आणि तू इस्तव भायेर टाकलास?"

तेव्हा मला कळलं. घरातली माणसं पाण्यात असली की ती परत येईपर्यंत घरचा विस्तव विझू द्यायचा नाही, ही त्या घराची रीत होती. रात्री निखारा राखेखाली झाकायचा, सकाळी फुंकायचा. काडी ओढायची ती लाँच आल्यावर, पुढच्या खेपेला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायची गोष्ट आहे असं तिथे कुणाला वाटतच नव्हतं. माशाला पोहायला कोण शिकवतं?

काडी ओढून भागणार नव्हतं. तो विस्तव नवा झाला असता. त्याच लाँचवरच्या दुसऱ्या माणसाच्या घरून निखारा आणायचा, एवढा एकच उपाय. म्हणजे शेजारी. सासूबाईंनी कौलाचा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "जा."

शेजारचं अंगण पन्नास पावलांवर होतं. तेवढ्या वाटेत मला सगळं लख्ख दिसलं. मी तिथे जाऊन विस्तव मागणार, शेजारीण कारण विचारणार, मी सांगणार. आणि ह्या खेपेला लाँचवर कुणाला साधं खरचटलं, तरी आयुष्यभर मी पांढऱ्या पायाची. नव्या सुनेला तो शब्द एकदा चिकटला की तिच्या पोरांच्या लग्नापर्यंत सुटत नाही. माझ्याच माहेरच्या वाडीत मी अशी एक बाई पाहिली होती. ती वाटेने गेली की कामाला निघालेली माणसं परत फिरत. मागे वळावं, तर चूल थंड. पुढे जावं, तर हे.

कवाडीशी पोचले तेव्हा मागून कुणीतरी माझ्या हातातला कौलाचा तुकडा काढून घेतला. सासूबाई होत्या. त्यांना धाप लागली होती. माझ्याकडे न बघता त्या अंगणात गेल्या.

"वयनी, जरा इस्तव द्या. राती राख ओढायची ऱ्हायली. माझ्याच हातून इजला."

शेजारणीने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्या शेणाच्या हातांकडे. निखारा दिला.

लाँच त्या संध्याकाळी यायची, ती आली नाही. दुसऱ्या सकाळी सासूबाई, शेजारीण आणि मी एसटीने मिरकरवाड्याला गेलो. लिलाव चालू होता, बर्फाच्या गाड्या ओरडत होत्या, आणि आमच्या लाँचची जागा तेवढी रिकामी. शेजारीण टोपलीवर बसली होती. ती म्हणाली, "इस्तव इजला तेव्हाच माझ्या काळजात चर्र झाला. घरात नवा पाऊल आला..."

तिला वाक्य पुरं करता आलं नाही. सासूबाई उभ्याच राहिल्या.

"बोलायचा तर मला बोला, वयनी. चूल माझी, हात माझा. पोरीचा त्यात काय नाय."

आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. सासूबाई तशाच उभ्या. उन्हं वर आली तरी खाली बसल्या नाहीत. मी त्यांच्या लुगड्याच्या मागे, लहान पोरीसारखी. दुपारी लाँच आली. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या लाँचने ओढून आणली. तिघेही धडधाकट, फक्त भुकेने चिडलेले. माझा जीव भांड्यात पडला.

आता सासूबाई मला जवळ घेतील, असं मला वाटलं होतं. कसलं काय! दोन दिवस त्या माझ्याशी अक्षर बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे आपटला आणि म्हणाल्या, "आजपासून राख तुझ्याकडे." मग चुलीपुढे बसवून शिकवलं. निखारा मध्ये घे, कडेला नको. राख हलक्या हाताने ओढ, दाबू नको, त्याला जरा श्वास हवा. आणि तळाला दोन बोटं ठेव.

माझा दोष स्वतःवर का घेतला, हे मी त्यांना पुष्कळ वर्षांनी विचारलं. तोवर नवऱ्याने समुद्र सोडून जयगडला बंदरात नोकरी धरली होती आणि विस्तव राखायचं काही कारण उरलं नव्हतं. आम्ही दोघी तरी राखत होतो. त्या म्हणाल्या, "तू नवी होतीस. नव्या माणसाला चिकटला काय सुटत नाय. माझी कातडी जुनी, माझ्यावर काय ठरणार?" एवढं बोलून त्यांनी मला लसूण सोलायला दिली. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. डबा अजून तोच आहे, बूड मात्र दोनदा बदललं.

हे सगळं आज लिहायला बसले, त्याला कारण सूनबाई.

मुलाचं लग्न होऊन महिना झाला. सूनबाई ठाण्याची. चांगली नोकरी सोडून आली. दिवसभर हसतमुख असते, पण परवा माडाखाली उभी राहून ती फोनवर आईशी बोलत होती ते माझ्या कानावर पडलं. "मला इथे काहीच येत नाही गं. तो मला पाहुण्यांसमोर बोलतो. परत यावंसं वाटतं." मी पाय न वाजवता घरात आले.

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत तिने ग्रिल आणि पिंप धुऊन काढलं होतं. पाणी, साबण, तारेची घासणी. आरशासारखं. सगळी राख बादलीत कालवून मागच्या मोरीत ओतलेली. मी बघतच राहिले. आत झाकलेले निखारे कुठल्या कुठे गेले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तोंडातून जे निघालं ते माझं नव्हतंच.

"अगो, तुझ्या माहेरी चूल होती की नव्हती?"

ती हळूच म्हणाली, "नव्हती, आई. गॅस होता."

हसू आलं असतं, पण तेवढ्यात पाहुण्यांच्या न्हाणीतून आरडाओरडा झाला. मोरीची आणि न्हाणीची नळी एकच, माशाच्या तेलाची राख तिच्यात बसून घट्ट झाली होती, पाणी तुंबलं होतं, आणि एक गृहस्थ अंगाला साबण लावून घोटाभर काळ्या पाण्यात उभे होते. मुलगा धावत परसात आला. बापाचा तापट स्वभाव घेतलाय त्याने.

"मोरीत राख कुणी ओतली?"

मागे पाहुणे उभे होते. सूनबाईच्या हातात बादली होती. तिचा चेहरा मी बघितला आणि मला तो ओळखीचा वाटला. त्या चेहऱ्याने मी एकदा पन्नास पावलं चालले होते.

मी बादली तिच्या हातातून काढून घेतली. "मी ओतली. माझ्याच हातून झालं."

"तू? इतकी वर्षं राख काढतेस, आणि तू?"

"वय झालं. विसरले."

खरंच वाटलं त्याला, आणि खरं सांगते, तेच मला लागलं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "आई, तू आता राख काढू नकोस. उद्यापासून ती काढेल."

झालं. सांगितलं एका वाक्यात, आणि माझ्या हातातलं काम गेलं. सासूबाईंना त्या दिवशी बंदरावर उभं राहून काय मोजावं लागलं, ते मला तेव्हा समजलं. इतकी वर्षं मी त्यांचं धाडसच आठवत होते. नंतर वाडीने त्यांना काय काय ऐकवलं असेल, हे मी एकदाही विचारलं नाही. ते दोन दिवस त्या कुणावर रागावल्या होत्या, हेही नाही.

संध्याकाळी मी सूनबाईला ग्रिलपुढे बसवलं आणि डबा तिच्यापुढे ठेवला. आपटला नाही, एवढी सुधारणा मी केली. सगळं सांगितलं. ती का म्हणून विचारेल असं वाटलं होतं. तिने विचारलं नाही.

आज सकाळी मी पायरीवर बसून खुरप्याचा आवाज ऐकत होते. फार वेळ खरवडते आहे, असं सारखं वाटत होतं. आवाज थांबल्यावर मला राहवलं नाही. उठून गेले आणि ग्रिलमध्ये हात घातला. तळाला दोन बोटं राख होती. मऊ, न दाबलेली. बोटं खाली नेली तर चटका बसला. मला सासूबाईंची इतकी आठवण आली की मी तिथेच पाटावर बसले आणि रडले.

सूनबाई घाबरून वाकली. "आई, काय झालं? विझला का?"

"नाही," मी म्हटलं. "आहे."