तुरटीत दिसलेली बाई

हे मी आजवर कुणाजवळच बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आणि देवापुढे तर तोंडच उघडलं नाही. तुम्ही माझे कोण लागता? कुणी नाही — म्हणूनच जमतंय कदाचित.

आमचं गाव राळेगावच्या बाजूला. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. लग्न होऊन मला वर्ष झालं होतं आणि घरातलं पाणी माझ्याकडे होतं. पावसात विहिरीचं पाणी चहासारखं व्हायचं. घागरीत तुरटीचा खडा फिरवायचा, गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं, मग वरचं पाणी प्यायला घ्यायचं. एवढंच काम. पण मला कंटाळा यायचा हो! चार दिवस मी खडा फिरवलाच नाही. फडक्यातून गाळलं आणि दिलं ओतून.

पाचव्या दिवशी थोरल्या जाऊबाईंच्या बेबीला हगवण लागली. चार वर्षांची पोर. दोन दिवसांत डोळे खोल गेले, मान धरेना. वैद्याचं औषध पोटात टिकेना.

सासूबाईंनी नजर काढायला घेतली. आमच्याकडे तीही तुरटीनेच काढत. खडा पोरीवरून सात वेळा उतरवायचा आणि निखाऱ्यावर टाकायचा. तो वितळतो, उकळतो, फुगतो, आणि पांढरा आकार उभा राहतो. ज्याची नजर लागली त्याचा तो आकार, अशी समजूत. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, जाऊबाई रडून रडून बेजार. बघायचं काम माझ्यावर आलं.

मी वाकले. काय दिसलं सांगू? शपथेवर सांगते — एक बाई दिसली. कमरेवर घागर घेतलेली. तोंड नव्हतं तिला, पण मान हळूच वळली. फुगता फुगता वळली असेल, तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत आले. पण ती माझ्याकडेच वळली.

"कोन हाय व?" सासूबाईंनी विचारलं. काहीच दिसत नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न खाण्यापिण्याचा आला असता. मी म्हणाले, "गोदामावशीवानी दिसते."

गोदामावशी शेजारची. विधवा, मूलबाळ नाही. बेबीची वेणी रोज तीच घालायची. मग तिचंच नाव का? जिभेवर आलं ते आलं — नाही, आता खोटं कशाला बोलू? तिच्या बाजूने भांडायला कुणीच नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळपासून मी घागरीत खडा फिरवू लागले, एकेका घागरीत दोनदोनदा. आठवड्यात बेबी उठून बसली. झालं! पोर बरी झाली म्हणजे माझं खरं ठरलं. मावशी दिसली की बायका लेकरं पदराआड घेऊ लागल्या.

मावशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. एक दिवस मागच्या दाराशी आली आणि म्हणाली, "सूनबाई, माह्या नजरेत असं हाय, मलेच ठाऊक नव्हतं व." तिला ते पटलं होतं! त्यानंतर लेकरं दिसली की ती डोळ्यांवर पदर ओढायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. रस्त्यात, भर उन्हात, पोरांचा आवाज पार लांब जाईपर्यंत.

असं नऊ वर्षं. शेवटी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा पाणी पाजायला मीच जात असे. घरात लेकरू कुठलं यायला? तरी डोळ्यांवर फडकं घट्ट बांधलेलं. पायरव ओळखायची आणि फडक्याआडून नेमकं माझ्याकडे तोंड वळवायची. बेबी मोठी झाली होती, मावशीला भेटायचं म्हणून हट्ट धरून बसली होती. मी ते सांगितलं. दार लोटलेलं होतं, तिसरं कुणी नव्हतं. आणखी दोन वाक्यं बोलायची होती, एक पाण्याचं, एक तिच्या नावाचं, बस.

"पोरीले इकडं आणू नको व माय," मावशी म्हणाली.

"नाही आणत," मी म्हणाले.