शब्द चुकला रे

अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत क्रियापदांचा खरा जाणकार एकच, आणि तो नेमका माझ्या खालच्या मजल्यावर राहायचा. सगळी बिल्डिंग त्यांना काका म्हणायची. उभा जन्म कारखान्यात माल तपासण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावर तपासायला माल उरला नाही, म्हणून ते आमची मराठी तपासू लागले. त्यातही फसवाफसवीच्या शब्दांवर त्यांचा विशेष डोळा. एकदा उल्हासनगरातून मी मोठ्या ऐटीत जीन्स आणली. पहिल्याच धुण्यात बादलीतलं पाणी निळं आणि पँट पांढरी! जिन्यातच मी करवादलो, "काका, दुकानदारानं फसवलं हो मला!" दुसरा कुणी हळहळला असता. यांनी चष्मा वर सरकवला. "तुझा त्याच्यावर विश्वास होता?" "छे! त्याच्यावर कोण ठेवणार?" "मग ठकवलं म्हण. फसवायला आधी विश्वास लागतो." रिक्षावाला उगाच लांबून फिरवून नेतो ते गंडवणं. आणि जवळच, चिखलोलीत राहणारा त्यांचा मुलगा 'येतो, येतो' म्हणत दोन वर्षं आला नाही, ते झुलवणं. हे शेवटचं ते हसत सांगायचे आणि लगेच चहा टाकायला आत जायचे.

काकू गेल्यापासून त्या घरात दुसरा आवाज नव्हता. म्हणून मी मुद्दाम चुकायचो. "भाजीवालीनं आज मला झुलवलं," असं काहीतरी बरळलो की अर्धा तास स्वारी खूश! खरं सांगायचं तर मीही एकटाच राहतो. माझीही संध्याकाळ बरी जायची.

शेवटी मुलगा एकदाचा आला आणि त्यांना चिखलोलीला, अकराव्या मजल्यावर घेऊन गेला. रिक्षात बसताना काकांनी माझा हात धरला. "येशील ना रे?" "रविवारी नक्की," मी म्हणालो. तो रविवार मी लोळून घालवला. कारण काही नाही, नुसता कंटाळा. संध्याकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. "बाबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसलेत. तुम्ही येणार म्हणून जेवायचेही थांबलेत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन त्यांना द्यायला सांगितला आणि म्हणालो, "काका, माफ करा. मी तुम्हाला ठकवलं."

ते हळूच म्हणाले, "शब्द चुकला रे."

बरोबर शब्द कुठला, ते मात्र त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं नाही.