एक खडा कमी

म्हाळसाबाई कोकरे दुकानातून मिठाचा पुडा आणला तरी हातावर तोलून बघायची. सख्ख्या भावानं शेळी दिली, तर तिचंही तोंड उघडून दात बघितले. भाऊ म्हणाला, "अगं, मी काय परका हाय व्हय?" तर म्हणाली, "तू न्हाईस रं, पण शेळीला कुटं ठावं हाय आपलं नातं?"

होटगी स्टेशनाच्या पल्याड कोकरेवस्ती आहे. तीस-पस्तीस उंबरे, सगळे मेंढरंवाले. सगळ्या वस्तीत मिळून जेवढा संशय असेल तेवढा एकट्या म्हाळसाबाईच्या पदरात बांधलेला. लोक हसायचे, पण जनावर घ्यायला बाजारात निघाले की तिलाच आधी हाक मारायचे.

तिची शाळा दुसरीतच सुटली. त्या वेळी वस्तीवर शाळा नव्हती, रेल्वेलाइनीपलीकडच्या गावात होती. एकदा मालगाडी लाइनीवर दोन तास उभी राहिली, पोरी चाकांखालून वाकून आल्या, आणि कुणीतरी ते येऊन घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बापानं पाटी काढून घेतली आणि हातात काठी दिली. झालं शिक्षण. अजून तिला अक्षरं ओळखू येतात, पण ती ओळीनं अंगावर आली की चकवतात.

म्हणून वस्तीवर दोन खोल्यांची शाळा झाली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला होता. बोलून दाखवला नाही, ती गोष्ट वेगळी. दिवाळी झाली की तिचा मुलगा बिरुदेव आणि सून मेंढरं घेऊन दुधनीकडं उतरतात. तिकडं तूर निघाली की शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, खत होतं. मृग आला की माघारी. नात पूनम तिसरीत. शाळा आहे म्हणून ती आजीजवळ राहते. शाळा नसती तर तीही काठी घेऊन मेंढरांमागं गेली असती. पूनमचे आईबाप आठ महिने गावात नसतात, तेव्हा शाळेच्या समितीवर पालक म्हणून आजीच.

त्या साली नवरात्रात सुबोध गुरुजी गाडी उडवत आले ते हसतच आले. गुरुजी सोलापूर शहरातले, वय तिशीच्या आत, शर्ट रोज इस्त्रीचा. हातात जाड कागदांचा गठ्ठा. शासनानं सगळ्या राज्यातल्या शाळा सुधारायच्या ठरवलं होतं. प्रत्येक शाळेनं पुढच्या पाच वर्षांची योजना लिहून द्यायची. तालुक्यातून दोन शाळा निवडायच्या आणि त्यांना मोठा निधी. खोल्या, संगणक, पाण्याची सोय, आणखी एक शिक्षक.

समितीचा अध्यक्ष जोतिराम. त्यानं ऐकता ऐकताच डोळ्यांपुढं फरशी घातली. "गुरुजी, फरशी पांढरी न्हाय घालायची. लेंड्या दिसत्यात."

"आणि बाकीच्या शाळांनी काय पाप केलंय?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"आजी, स्पर्धा आहे. ज्याची योजना चांगली त्याला."

"म्हंजी शाळांची कुस्ती लावली की. पडंल त्याचं काय?"

"पडायचा प्रश्नच नाही. नाही मिळालं तर नाही मिळालं."

"आन अर्जच न्हाय केला तर?"

गुरुजींनी कागद चाळले. "ते कुठं लिहिलेलं नाही."

"लिवलेलं न्हाय, तेच वंगाळ," म्हाळसाबाई म्हणाली. "शुक्रवारी बिरोबाच्या देवळात बसू. तुमी समदं वाचून दावा, पयल्यापासनं शेवटापतुर. मग सह्या."

जोतिराम कपाळावर हात मारून म्हणाला, "काकी, चौदा पानं हायती!"

"मग च्या दोनदा करू."

शुक्रवारी देवळापुढच्या लिंबाखाली समिती बसली. बायका, म्हातारे, कडेला चार कुत्री. गुरुजींनी सांगितलं, एकूण बावीस कलमं आहेत, आणि वाचायला लागले. म्हाळसाबाईनं पदरातून मूठभर खडे काढून पुढ्यात ठेवले. ही वस्तीची जुनी मोजणी. सकाळी मेंढरं वाड्यातून सोडताना दर विसाला एक खडा बाजूला टाकायचा, सांजेला आत घेताना एकेक उचलायचा. खडा उरला तर कंदील घ्यायचा आणि रान धुंडाळायचं. आता गुरुजी एक कलम वाचत आणि ही एक खडा मांडी. वाचलेलं निम्मं कुणाला कळत नव्हतं. "गुणवत्तावृद्धी" आली तेव्हा एक म्हातारा झोपला. खडा मात्र चुकला नाही.

गुरुजींनी कागद मिटले. "झालं. आता सह्या."

म्हाळसाबाईनं खड्यांवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग म्हणाली, "गुरुजी, एक मेंढरू मागं ऱ्हायलं."

"काय?"

"एकवीसच हायती. तुमी बावीस म्हनला."

"मोजण्यात चूक झाली असेल, आजी."

"माजी मोजनी?" ती एवढंच म्हणाली. वस्तीतली माणसं गुरुजींकडं बघायला लागली, कारण चाळीस वर्षांत त्या मोजणीत एक कोकरू कमी-जास्त झालेलं कुणाला आठवत नव्हतं.

गुरुजींचे कान लाल झाले. त्यांनी कागद उघडले आणि खालच्या आवाजात सतरावं कलम वाचलं. शाळेत नियमित हजर असणारी मुलं वीसच्या खाली आढळली, तर ही शाळा जवळच्या शाळेत विलीन करायला समितीची संमती आहे.

"विलीन म्हंजी?"

"म्हणजे... एकत्र करणं."

"कुटं?"

गुरुजींनी बोट दाखवायची गरज नव्हती. तेवढ्यात लाइनीवरून गाडीच गेली. सगळ्यांनी ती पूर्ण जाईपर्यंत ऐकली.

"आन आकडा काय लिवलाय तुमी?"

"तेवीस. पटावर तेवीसच आहेत."

"सहा पोरं दिवाळीनंतर मेंढरांमागं जात्यात. सतरा ऱ्हात्यात."

"मला माहीत आहे, आजी!" गुरुजी एकदम तडकले, मग ओशाळले. "सतरा लिहिलं तर शाळा गेली. तेवीस लिहिलं तर निदान निधीच्या रांगेत उभी राहील. ते कलम वाचलं असतं तर तुम्ही सही केली नसती. मी तुमच्यासाठीच..."

"गुरुजी," म्हाळसाबाई म्हणाली, "आमच्यासाटी जो खोटं बोलतो, त्यो कवातरी आमच्यासंगं बी बोलतो. आत्ता बोललाच की तुमी."

जोतिराम मध्ये पडला. "काकी, समदेच असं लिवत्यात. पल्याडच्या एका गावात तर तपासनीच्या दिशी पाव्हन्यांची पोरं आणून बसवनार हायती म्हनं. आपनच तेवढं हरिश्चंद्र कशापायी?"

म्हाळसाबाई खडे एकेक करून उचलायला लागली. ती खडे उचलते तेव्हा काहीतरी सांगणार असते, हे वस्तीला ठाऊक होतं.

"पूनमचा आजा असताना एक योजना आली हुती," ती म्हणाली. "शंभराच्या वर मेंढरं असतील त्याला पत्र्याचं शेड. आमची अठ्ठ्याहत्तर. धन्यांनी काय केलं, चुलतभावाची तीस आणली मागून. ज्ञानबा भाऊजींची. सायब आला, मोजली, खूश झाला. आन पेटीतनं काडले बिल्ले. एकशेआट कानांत एकशेआट बिल्ले, समद्यांवर आमचा लंबर."

पुढचं जुन्या माणसांना माहीत होतं, तरी कुणी चुळबुळ केली नाही. ज्ञानबाची तीस मेंढरं घरी गेली ती म्हाळसाबाईच्या नवऱ्याच्या, गुंडाच्या, नावाचे बिल्ले कानात घालून. बाजारात नेली तर व्यापारी म्हणे, ही चोरीची. बिल्ला काढायचा तर कान फाटतो. दोन्ही घरांत भाकरीची देवाणघेवाण बंद झाली ती सहा वर्षं. ज्ञानबा वारला तेव्हा गुंडा दारापर्यंत गेला आणि बाहेरच उभा राहिला.

"शेड मिळालं व्हय?" एका नव्या सुनेनं विचारलं.

"आलं न्हाय अजून," म्हाळसाबाई म्हणाली. लोक हसले, तीही हसली, पण डोळ्यांनी नाही. "मोजायला येनारा नुसता मोजून जात न्हाय. खूण करून जातो. तेवीस लिवा, आन फुडच्या साली त्यो तेवीस मागंल. मग पाव्हन्यांची पोरं कुटनं आनायची दरसाल?"

"मग सतरा लिहू?" गुरुजी म्हणाले. "आपल्याच हातानं कुलूप घालू?"

"सतरा का? ती सहा पोरं काय वाऱ्यात विरघळत्यात व्हय?" तिनं खडे पुन्हा मांडायला घेतले, पण या वेळी वाकड्या ओळीत. "ह्यो अक्कलकोटाच्या अलीकडचा मळा. हितं पंदरा दीस. मग वड्याच्या वरलं रान. मग दुधनीच्या अंगाचं गाव, तितं पाटलाच्या तुरीत दोन म्हयने. ठरलेलं हाय, माज्या सासऱ्यापासनं. दर मुक्कामाला गाव हाय, गावाला शाळा हाय. आमची पोरं त्या शाळंच्या भिंतीबाहीर शेळ्या राखत्यात. आत बसली तर काय भिंत पडंल?"

गुरुजी खड्यांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "त्यासाठी कार्ड असतं. बाहेरगावी जाणाऱ्या मुलांचं. ते दाखवलं की कुठल्याही शाळेत बसवून घेतात, हजेरी मिळते. आपल्या कपाटात गठ्ठा आहे."

"वापरलाय?"

"सुतळी सोडलेली नाही."

"सोडा की मग!"

त्या दिवशी चहा तीनदा झाला. योजनेतली फरशी गेली, संगणक मागं सरला, आणि पहिल्या पानावर मुक्कामांची ओळ आली. सतराव्या कलमापुढं म्हाळसाबाईनं गुरुजींकडून लिहून घेतलं: सतरा मुलं इथं, सहा मेंढरांबरोबर, तीही शाळेत जातात, येऊन मोजा. मग तिनं सही केली. पाच मिनिटं लागली. प्रत्येक अक्षर लिहून झालं की ती कागद उचलून मागची बाजू बघत होती, तिथं आणखी काही लिहिलेलं नाही ना.

माघात जीप आली. देवयानी मॅडम म्हणून तपासणीच्या बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बरोबर एक कारकून. मॅडमनी वर्गातली डोकी बोटानं मोजली. सतरा. मग कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे 'येऊन मोजा' कुणी लिहायला लावलं?"

"म्या."

"कागदावर सगळेच लिहितात, आजी. मला डोळ्यांनी बघायचंय."

म्हाळसाबाईला बाई तिथंच आवडली. हाही माणूस शेळीचे दात बघणारा. पण लगेच मनात आलं, हिला सहाही पोरं दिसली नाहीत तर? बिरुदेव फोनवर "जात्यात, जात्यात" म्हणायचा, आणि बिरुदेवाचं "जात्यात" तिनं पोटच्या पोराचं असून कधी पुरतं धरलं नव्हतं. ती जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली, मुठीत सहा खडे धरून.

दुधनीच्या अंगाला पोहोचायला दुपार झाली. शाळेच्या दारात खिचडीचं पातेलं घासत चंद्रव्वा बसली होती, तिथली स्वयंपाकीण. म्हाळसाबाईनं कानडीत विचारलं, कुरुबांची, म्हणजे मेंढरंवाल्यांची, पोरं आलीत का. चंद्रव्वानं हात वर करून बोटं पसरली. "ऐदु."

पाच.

वर्गात मागच्या ओळीत पाच जण होते, कपड्यांना लोकरीचा वास, पुढ्यात कार्डं. मॅडमनी प्रत्येकाला वाचायला लावलं. दोघं बरी वाचत होती, दोघं अडखळत, एक रडलं. म्हाळसाबाईनं पाच खडे डाव्या हातात घेतले. उजव्यात एक राहिला.

"सुकन्या कुटं हाय?"

मेंढी व्यायली म्हणून सुकन्या वाड्यावर होती.

बरोबर आलेल्या गुरुजींनी हळूच म्हटलं, "मॅडम, ती एरवी रोज येते. कार्डावर हजेरी आहे तिची. धरली तर चालेल."

मॅडम पेन थांबवून म्हाळसाबाईकडं बघायला लागल्या. गुरुजीही बघायला लागले. वीसच्या वर बावीस होतेच, तेवीस झाले असते तर निवडीत दोन गुण वाढले असते.

"आज न्हाय आली, आज न्हाय धरायची," म्हाळसाबाई म्हणाली, आणि उरलेला खडा पदराच्या टोकाला बांधला.

चैत्रात निकाल लागला. कोकरेवस्ती तालुक्यात चौथी. निधी पहिल्या दोघांना, त्यातली एक डांबरी रस्त्यावरची, भिंतीवर चित्रं काढलेली. बाकीच्यांना पत्र. जोतिराम दोन दिवस कुणाशी बोलला नाही. त्यानं मनातल्या मनात फरशी वापरून जुनीही केली होती.

गुरुजी पत्र घेऊन म्हाळसाबाईच्या दारात आले. पूनम ओट्यावर पाढे म्हणत होती. गुरुजी बसले, पत्र उघडायच्या आधी वाकून अंगणातले चार खडे वेचले आणि तिच्यापुढं ठेवले.

"चार कलमं आहेत, आजी. मोजा."

निधी नाही, हे एक. शाळा आहे तिथंच सुरू राहील, हे दोन. आणखी एका शिक्षकाचा विचार होईल, हे तीन. "विचार होईल" ऐकून म्हाळसाबाईनं तो खडा जरा लांब सरकवला. पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी, हे चार.

"बास?"

"बास."

"मागचं पान बघू."

गुरुजींनी पत्र उलटं करून दाखवलं. कोरं होतं. तरी तिनं ते हातात घेतलं, उन्हात धरलं, मग पूनमला हाक मारली. "ये गं, तू वाच. गुरुजींनी वाचलंय, पन तू बी वाच."

पूनम बोट ठेवून वाचायला लागली. गुरुजी हसले. म्हाळसाबाई हसली नाही. पदराच्या टोकाची गाठ चाचपत ती नातीच्या बोटाकडं बघत होती, आणि बोट कलमाच्या शेवटाला आलं की एक खडा उचलत होती.