प्रेसिडेंटीणबाईंचं मत

नागवेळीच्या म्युनिसिपालिटीचे प्रेसिडेंट झाल्यापासून बाळाजीपंत घरातही प्रेसिडेंटच असत. त्यांची बायको आवडाबाई, तीही मग झाली प्रेसिडेंटीणबाई. म्हणजे काय, तर पूर्वी चार माणसांचं रांधायची, आता चौदांचं. मामलेदार आले, ठेवा आधण. ओव्हरसियर आले, सोला नारळ. मान म्हणजे केवढा! कमरेचा काटा ढिला झाला तरी संपेना.

तिचं मागणं एकच होतं, बायकांच्या विहिरीला कठडा. शेजारची जनी शेवाळावरून पाय घसरून आत पडली, तेव्हा नथू भंडाऱ्याने दोराला धरून उतरून तिला वर काढलं, म्हणून वाचली. आवडाबाईने पंतांना जेवता जेवता विचारलं. पंत हसले. "चुलीपाशी बसून म्युनिसिपालिटी चालवू नये." आणि त्या वर्षी कचेरीसमोर त्यांच्या नावाची दगडी कमान उभी राहिली. बायका तिच्याखालून हंडे घेऊन त्याच विहिरीवर जात. शोभा मात्र वाढली हो गावाची!

बत्तीस साली निवडणूक लागली. पंतांच्या आळीतून त्यांच्यासमोर उभा राहिला तो नथूच. आवडाबाईच्या बापाने सुपारीची वाडी तिच्या नावावर केलेली, म्हणून तिलाही मत होतं. पंतांना एकदम बायको आठवली! आळीतल्या मत असलेल्या साऱ्या बायकांना त्यांनी बजावलं, "आमची ही पुढे असेल. ती म्हणेल तेच म्हणा."

लिहिता न येणाऱ्याने कारकुनाला नाव तोंडी सांगायचं. पंत समोरच मिशीला पीळ देत बसले.

"बोला बाई, मत कोणाला?"

आवडाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. नवऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायचं कसं? आता उखाणा येणार म्हणून लोक पुढे सरकले. उखाणे तिला ढीगभर येत होते. पण विहिरीतून वर काढलेल्या जनीचा तो काळानिळा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना, आणि तिला असा संताप आला की बस्स.

"नथू भंडारी," ती खणखणीत म्हणाली.

मागच्या बायका भारी आज्ञाधारक. एकीमागून एक, "नथू भंडारी," "नथू भंडारी."

पंत पडले. खुर्ची गेली. घरी येऊन त्यांनी पगडी आपटली.

"माझं नाव घ्यायला काय जीभ झडली होती तुझी?"

"अगंबाई, भलतंच!" आवडाबाई म्हणाली. "नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. खुर्ची काय, गेली तर गेली. पडायचंच हो, तुमच्या खुर्चीला तरी कुठं कठडा होता?"