तांबड्या फडक्यातली पोथी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, उभ्या जन्मात आपला नेम एकदाच वाकवला. आणि त्या गुन्ह्यात मी बरोबरीची भागीदार होते.

नेम असा, की सकाळी पोथीचा एक अध्याय वाचल्याशिवाय पाण्याखेरीज काही तोंडात घालायचं नाही. अमळनेरच्या माहेरी चौथीपर्यंत शिकलेली ही बाई जळगावच्या आमच्या घरात सगळ्यांत मोठी वाचक होती. दुपारी त्या कादंबऱ्या वाचत. वाचनालयातून आणायचं काम माझं. सासऱ्यांना कादंबऱ्यांचा तिटकारा, म्हणून अक्का त्याही पोथीसारख्याच तांबड्या फडक्यात बांधून देवघरात ठेवत. सोवळ्याच्या गाठोड्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. देवांच्या शेजारी किती नायिका नांदून गेल्या, त्याची गणती नाही.

पुढे मोतीबिंदू झाला. दोन वर्षं त्यांनी ऑपरेशन टाळलं, कारण पट्टी बांधल्यावर वाचणार कसं? शेवटी गुरुजींनी सांगितलं, की मन लावून ऐकलेलं वाचल्यासारखंच. तेव्हा कुठे त्या धुळ्याच्या दवाखान्यात यायला तयार झाल्या. निघायच्या सकाळी मी न्हाऊन देवघरातलं गाठोडं उचललं. सोवळ्याची वस्तू, सोडून कशाला बघते?

ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, हलायचं नाही, खोकायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही, डोळा जाईल. दुसऱ्या सकाळी दुधाचा पेला भरून ठेवला आणि गाठ सोडली. आत कादंबरी.

पोथी त्यांना तोंडपाठ. मी काही रचून म्हटलं असतं, तर दुसऱ्याच ओवीला पकडली गेले असते. आणि खरं सांगावं, तर त्या रडतील.

"गाठ सुटत नाही का गं?"

"अक्का, चुकून दुसरंच आलं."

पट्टी ओली होते का, तेवढंच मी बघत राहिले. मग त्यांनी हळू आवाजात अख्खा अध्याय पाठ म्हटला. शेजारच्या खाटा गप्प झाल्या. मी दूध पुढे केलं, ते त्यांनी हातानेच दूर सारलं. पाठ म्हणणं म्हणजे वाचणं नव्हे, एवढंच म्हणाल्या. उपाशीपोटी गोळी चालणार नव्हती. नर्स दोनदा रागावून गेली. दुधावर साय धरली.

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण पट्टीखालचे त्यांचे ते घट्ट मिटलेले ओठ मला अजून दिसतात. आयुष्यभराचा शब्द एकीकडे, डोळा दुसरीकडे. आणि ठरवायचं त्यांनी एकटीने.

शेवटी अक्का म्हणाल्या, "ते पुन्हा बांध आणि माझ्याकडे दे."

मी दिलं. मान उचलता येत नव्हती, म्हणून गाठोडं त्यांनी कपाळाऐवजी छातीला लावलं.

"आता सोड आणि वाच. देवाशी मी बघून घेईन."

मी वाचू लागले. कादंबरीतली मुलगी शिक्षणासाठी लग्नाला नकार देऊन बसली होती. अक्का हात जोडून ऐकत होत्या. त्यांचं बघून शेजारच्या खाटेवरची, ऑपरेशनची वाट बघत असलेली सोनगीरकडची म्हातारीही हात जोडून बसली. प्रकरण संपलं. अक्कांनी नमस्कार केला, आणि मी चमच्याने त्यांना दूध पाजलं. पहिला घोट घशाखाली उतरला, तेव्हा मी गोळी पुढे केली. तेवढ्यात म्हातारी पुढे वाकली:

"अक्का, तुमनी पोथी सगळी समजनी, पन त्या पोरनं लगीन कव्हा लागी?"